कॉलनीचं शेवटचं घर

माझ्या मावशीचे यजमान कवळ्या करायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेऊन पाठवायचे. काका मागच्या खोलीत बसून त्या मापात प्लास्टर ओतायचे, मेणात एकेक दात बसवायचे, मग गुलाबी हिरडी चढवून, घासून-पुसून, डबीत घालून परत पाठवायचे. त्यांची कवळी घातलेल्या माणसाच्या सुनेलाही पत्ता लागत नाही, असं डॉक्टर लोक म्हणायचे. हाताला इतकं कसब होतं. जिभेला मात्र विष होतं, आणि ते त्यांनी खास आमच्यासाठी राखून ठेवलेलं होतं.

आम्ही म्हणजे भट्टी. जुन्या काळी तिथे विटा भाजायचे. भट्ट्या विझल्या, नाव तेवढं राहिलं. एकमेकींना टेकलेल्या खोल्या, पत्र्याची छपरं, चार घरांत मिळून एक नळ. चढावर कॉलनी. तिथे बंगले, कुंपणं, झाडं आणि फाटकावर मालकाचं नाव. दोन्हींच्या मधून नाला वाहायचा. नाल्याला घाण वास यायचा, पण त्याचा एक उपयोग होता. कोण कुठला, हे कुणाला विचारावं लागत नसे.

काका मुळात भट्टीतलेच. ते, मावशी आणि माझी आई एकाच नळावर भांडत मोठी झाली. तरुणपणी काका एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात हरकाम्या होते. तिथेच बघून बघून कवळीचं काम शिकले. पुढे घरी कामं करू लागले, तेव्हा पहिल्या कवळीच्या डबीवर त्यांनी हौसेने स्वतःचं नाव आणि पत्ता लिहून चिकटवला. म्हाताऱ्या डॉक्टरांनी डबी हातात घेतली, वाचली आणि ती चिठ्ठी नखाने खरवडून काढली.

"अरे, हे पेशंट तोंडात घालतो," ते म्हणाले. "भट्टीतून आलंय म्हटल्यावर घालेल का?"

हे मला मावशीने सांगितलं. काकांनी पुढे कधी कुणाजवळ हा विषय काढला नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि 'भट्टीत म्हातारा व्हायचं नाही' एवढंच बोलले. खरं तर राग त्या डॉक्टरवर धरायला हवा होता. पण वडाची साल पिंपळाला म्हणतात तसं झालं. डॉक्टरांपुढे काका जन्मभर वाकून राहिले, आणि राग सगळा भट्टीवर निघाला.

कॉलनीचा रस्ता उतरत उतरत नाल्याच्या मोरीपर्यंत यायचा. मोरी ओलांडली की एक चिंचोळा प्लॉट होता, त्याच्या कडेने एक पायवाट, आणि पायवाट संपली की भट्टी. म्हणजे प्लॉट नाल्याच्या आमच्या अंगाला, पण त्याचं तोंड कॉलनीच्या रस्त्याकडे. त्यामुळे पोस्टमन वरून सायकल सोडायचा आणि मोरी ओलांडून त्या प्लॉटचं टपालही टाकून जायचा. टपाल वरून येतं, म्हणजे पत्ता वरचा, असा काकांनी हिशेब लावला. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी तो प्लॉट घेतला, घर बांधलं आणि डब्यांवर लावायला छापील चिठ्ठ्या करून आणल्या. नावाखाली ठळक अक्षरांत 'कॉलनी'.

"हातभर सरकला आणि जन्म बदलला," आई म्हणाली.

"जळू नकोस गं," मावशी म्हणाली. पण तीही हसत होती.

आई वरच्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला होती. जाता-येता ती पायवाटेने मावशीच्या दारावरूनच जायची आणि येताना चहाला टेकायची. भट्टीतली निम्मी माणसं त्याच वाटेने वरच्या बसस्टॉपला जायची. काकांना हे खपत नसे. दारात एखाद्या डॉक्टरची गाडी उभी असली की ते खिडकीतून आईला खूण करायचे, मागच्या दाराने ये. आई मागच्या दाराने कधी गेली नाही. पुढच्या पायरीवर बसायची आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "काय गं ताई, भाऊजी घरात आहेत की दातांत?"

मग नगरपालिकेने नाला पाइपात घातला, वर स्लॅब टाकला आणि रस्ता सलग केला. काकांनी त्या स्लॅबवर उभं राहून पाय आपटून बघितला. जे दिसत नाही ते नाहीच, असं त्यांच्या मनाने घेतलं. झालं उलटंच. नाला उघडा होता तोवर कॉलनीवाले निर्धास्त होते. तो झाकला गेला आणि भट्टी आपल्या अंगावर चालून येतेय असं त्यांना वाटायला लागलं. बंगल्यांची कुंपणं उंच झाली, कुत्री आली, कॉलनीच्या रहिवासी मंडळाच्या बैठका वाढल्या.

त्या मंडळात काकांइतकं कडवं दुसरं कुणी नव्हतं. कोपऱ्यावर आमच्या भट्टीतल्या एका इस्त्रीवाल्याची गाडी उभी असायची, ती 'कोळशाचा धूर घरात येतो' म्हणून त्यांनी हलवायला लावली. धूर त्यांच्या घरात येत नव्हता. पुढे कुणाची तरी सायकल चोरीला गेली, तेव्हा बैठकीत काकाच उठून म्हणाले, "चोर कुठून येणार? वाट आहे तिथूनच." पायवाट बंद करायची आणि डोक्यापेक्षा उंच भिंत घालायची, ही कल्पना त्यांचीच. गवंडीही त्यांनीच शोधून आणला.

आई कामावरून परत येत होती, तेव्हा भिंत कमरेइतकी झाली होती. काका उन्हात उभे राहून काम करून घेत होते.

"भाऊजी, हे काय?"

"मंडळाचा निर्णय आहे."

"मंडळ काय उन्हात उभं राहून विटा देतंय होय गवंड्याला? मला तर तुम्हीच दिसताय."

"तुझ्यासाठी नाहीये हे, धाकटे. तू मुख्य रस्त्याने ये. ताठ मानेने, पुढच्या दाराने ये. कोण अडवतंय?"

"मुख्य रस्त्याने केवढा फेरा पडतो, माहीत आहे ना? तुम्हीही लहानपणी चालला आहात."

"म्हणूनच म्हणतो," काका म्हणाले. "भट्टीच्या माणसाला चालायची सवय असते."

मावशी दारात उभी होती. आईने तिच्याकडे बघितलं. मावशी काहीच बोलली नाही. आईने पिशवी भिंतीपलीकडे टाकली, विटांवर पाय दिला, उतरली आणि मागे न बघता घरी आली. काकांच्या भिंतीपेक्षाही मावशीचं ते गप्प राहणं तिला जास्त लागलं. नंतर कितीतरी दिवस ती भांडी घासताना एकटीच बोलायची. "तोंडात काय कवळी अडकली होती हिच्या?"

त्यानंतर दोघी बहिणी बाजारात भेटायच्या. तेही भेटल्या तर. मावशीचे गुडघे दुखायला लागले होते, आणि आईचा ताठा दुखायला लागला होता. दोन्हींना औषध नव्हतं.

काही वर्षांनी मंडळाला नवे अध्यक्ष मिळाले. निवृत्त इंजिनियर, खणखणीत आवाज, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून बघायची सवय. त्यांच्या तोंडातली कवळी वरची-खालची दोन्ही काकांच्या हातची. त्याचा काकांना केवढा अभिमान! अध्यक्षांचं भाषण असलं की काका पहिल्या रांगेत बसायचे आणि ऐकायचे कमी, बघायचेच जास्त.

अध्यक्षांनी एक विषय काढला. कॉलनीत घर म्हटलं की एक भाव येतो, 'भट्टीलगत' म्हटलं की दुसरा. तेव्हा कॉलनीची हद्द ठसठशीत दिसायला हवी. रस्त्यावर मोठं गेट घालायचं, वर नावाची कमान, बाजूला वॉचमन. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात काकांनी वाजवल्या. भिंत आहेच, गेट तिच्या जवळपास कुठेतरी येईल, आपल्या घराच्या कडेलाच कमान दिसेल, असं त्यांनी धरून चाललं होतं. पुढच्या बैठकीत नकाशा भिंतीवर लावला, तेव्हा त्यांना कळलं. गेट स्लॅबवर होतं.

"स्लॅबवर?" काका उठून उभे राहिले. "म्हणजे माझं घर बाहेर?"

"कॉलनीची हद्द नाल्यापर्यंत," अध्यक्ष म्हणाले.

"नाला आहे कुठे आता?"

"आहे की. खालून वाहतोय."

कुणीतरी फिसकन हसलं.

"मी मंडळ निघाल्यापासून सभासद आहे," काका म्हणाले. "माझा पत्ता कॉलनीचा आहे. ती भिंत मी उभी करून घेतली."

"त्याबद्दल मंडळ आभारी आहे. पण तुम्हीच म्हणायचात ना, हद्द म्हणजे हद्द? आज तुम्हाला आत घेतलं, तर उद्या भट्टीतला दुसरा येऊन म्हणेल, मलाही घ्या."

भट्टीतला दुसरा. म्हणजे पहिला कोण, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना कळलं. ज्यांच्या आई-वडिलांना काकांनी दात बसवून दिले होते, त्यांनीही नकाशाकडे बघत हात वर केले.

काका घरी आले आणि खुर्चीत बसले. मावशीला म्हणाले, "माझ्याच दातांनी मला चावला गं तो."

गेट उभं राहिलं. आता काकांचं घर अशा जागी आलं की वर गेट, खाली भिंत, आणि मधे हे एकटे. ना घर का ना घाट का, असं आई म्हणाली, आणि ती हे अगदी चवीने म्हणाली. मंडळाने पोस्टात कळवून टाकलं की ते घर कॉलनीत मोडत नाही. वरच्या पोस्टमनने यायचं सोडलं. भट्टीचा पोस्टमन भिंतीपर्यंत आला, मान वर करून भिंत बघितली आणि काकांचं टपाल आमच्या चौकातल्या चहाच्या टपरीवर ठेवून गेला. कचऱ्याच्या गाडीचंही तेच. वरची म्हणायची खालचीला सांगा, खालचीला मधे भिंत.

काका नगरपालिकेत भांडायला गेले. तिथल्या बाईने त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, घर पहिल्यापासून खालच्याच भागात आहे. टपाल वरून यायचं, कारण पोस्टमनला उतार सोयीचा पडायचा."

"म्हणजे इतकी वर्षं..."

"इतकी वर्षं उतार होता," बाई म्हणाली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

आणि गेटवरचा वॉचमन कोण, तर तोच इस्त्रीवाला. गाडी हटवल्यावर त्याने मिळेल ते काम धरलं होतं. पहिल्याच दिवशी त्याने काकांना थांबवलं.

"कुणाकडे जायचंय?"

"तुला माहीत नाही मी कोण ते?"

"माहीत आहे ना. म्हणून तर विचारतोय. बाहेरच्या माणसाने वहीत सही करायची असते."

"मी फक्त बसस्टॉपला चाललोय."

"मग बसस्टॉप लिहा," वॉचमन म्हणाला आणि पेन पुढे केलं. काकांनी सही केली. दुसऱ्या दिवशीही केली. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाहेर पडणंच बंद केलं.

आमच्या भट्टीला दया आली असेल असं कुणाला वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. टपरीवर त्यांचं पाकीट आलं की कुणीतरी नाव मोठ्याने वाचायचं, मग 'भट्टी' हा शब्द लांबवून वाचायचं, आणि मग सगळे चहा पीत हसायचे. टपाल आणायला मावशी यायची. गुडघे धरत, मुख्य रस्त्याचा सगळा फेरा घालून. ज्या भिंतीपलीकडे तिचं घर होतं, त्या भिंतीला वळसा घालून. पहिल्यांदा ती आली, तेव्हा टपरीवर कुणी हसलं नाही. आईने तिला बघितलं, हाताला धरून घरी आणलं आणि पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली.

"त्या दिवशी बोलायला हवं होतं मी," मावशी म्हणाली.

"हवं होतंच," आई म्हणाली. तिने माफबिफ काही केलं नाही. पण त्या दिवसापासून मावशीसाठी चहाचं आधण रोज चढायला लागलं.

अशात अध्यक्षांची खालची कवळी तडकली. म्हातारे डॉक्टर केव्हाच गेले होते, त्यांचा मुलगा दवाखाना चालवत होता. त्याने ती दुरुस्तीला काकांकडे पाठवली. गेटाबाहेर राहायला लागूनही काकांचं काम थांबलेलं नव्हतं, हे इथे सांगायला हवं. डबीवरचा पत्ता बदलला होता, तरी डबीतल्या मालात खोट नव्हती, आणि डॉक्टरांना मालाशी मतलब होता.

मावशी मागच्या खोलीत चहा घेऊन गेली, तर टेबलावर ती कवळी आणि काकांच्या हातात बारीक कानस. तड कधीच सांधून झाली होती. वरून सगळं चकचकीत होतं. काका कवळी उलटी धरून, हिरडीवर बसते त्या आतल्या अंगाला कानस लावत होते. मावशीने इतकी वर्षं ते काम बघितलं होतं. आत कधी धार ठेवायची नसते, तिथे बोट फिरवून फिरवून गुळगुळीत करायचं असतं, हे तिला कळत होतं.

"ही कुणाची?" तिने विचारलं.

काकांनी कवळी उजेडाकडे धरून बघितली.

"अहो, टोचेल ते."

"टोचू दे. बोलतो फार."

"तुमच्या हातून आजवर कुणाला दुखलेलं नाही. एवढी एकच गोष्ट आहे तुमची, जी मी चारचौघांत सांगते."

"मग आता नको सांगूस," काका म्हणाले आणि कानस पुन्हा चालू केली.

मावशीने चहा टेबलावर ठेवला, दोन कपडे पिशवीत भरले आणि निघाली. गेटमधून वर गेली, मुख्य रस्त्याने फेरा घालून आमच्याकडे आली. दारात आईला म्हणाली, "मी राहायला आलेय." आईने विचारलं नाही किती दिवस.

अध्यक्षांनी ती कवळी घातली आणि दोन दिवसांत त्यांची हिरडी फाटली. बोलणं बंद, खाणं बंद, तोंड सुजलं. धाकट्या डॉक्टरने कवळी काढून बोट फिरवलं आणि काय ते ओळखलं. चुकून राहिलेला खडबडीतपणा आणि मुद्दाम काढलेली धार यांतला फरक त्याला कळत होता. त्याने काकांना फोन केला. तो काय बोलला, हे मावशीला पुढे काकांकडूनच कळलं.

"बाबा म्हणायचे ते खरं निघालं," तो म्हणाला. "भट्टीतल्या माणसाला तोंडाजवळ येऊ द्यायचं नसतं."

त्याने काकांना काम देणं बंद केलं आणि इतर डॉक्टरांनाही सांगितलं. महिन्याभरात काकांकडे एकही डबी येईनाशी झाली. काकांनी मावशीला आमच्या शेजारच्यांच्या फोनवर बोलावून घेतलं, डॉक्टरचं ते बोलणं ऐकवलं आणि म्हणाले, "बघितलंस? पत्ता बदलला आणि कामं गेली. मी सांगत होतो."

"पत्त्याने नाही गेली," मावशी म्हणाली. "कानशीने गेली."

"तो काय म्हणाला ऐकलंस ना? भट्टीतला म्हणाला तो मला. कानस म्हणाला नाही."

मावशीने फोन ठेवला. भट्टीतला म्हणूनच कामं गेली, हे काकांच्या डोक्यात जे बसलं, ते आजतागायत तिथून हललेलं नाही.

त्यानंतर एका रविवारी सकाळी भिंतीच्या पलीकडून धाडधाड आवाज यायला लागला. आम्ही सगळे बाहेर आलो. भिंत हादरत होती, धूळ उडत होती. मग मधली एक वीट आमच्या बाजूला पडली, तिच्यामागून दुसरी, आणि भोकातून काका दिसले. घामाने निथळत, हातात घण. म्हातारा माणूस एकटा भिंत फोडत होता आणि अख्खी भट्टी हाताची घडी घालून बघत उभी होती. कुणी पुढे झालं नाही.

आई भोकाजवळ गेली.

"भाऊजी, कशाला फोडताय?"

"मंडळवाल्यांना दाखवतो आता. बाजूला हो, वीट लागेल."

"आमच्यासाठी फोडताय काय?"

काकांनी घण खाली टेकवला आणि तिच्याकडे असं बघितलं, की काय वेड्यासारखं विचारतेय ही.

"तुमचा काय संबंध?" ते म्हणाले.

आई हसली. मनापासून हसली. "मग फोडा," ती म्हणाली. "तुम्ही आमच्यासाठी काही करताय म्हणाला असतात, तर मी पुन्हा बांधून घेतली असती."

दुपारपर्यंत माणूस जाईल एवढी वाट झाली. सोमवारी सकाळी भट्टीतली सगळी कामाला जाणारी माणसं त्या वाटेने वर निघाली. काका आपल्या फाटकात उभे होते आणि प्रत्येकाला सांगत होते, "सरळ जा. गेटमधून जा. सही करू नका. रस्ता नगरपालिकेचा आहे." वॉचमनने वही बाहेर काढली, समोरून येणारी गर्दी बघितली आणि वही परत आत ठेवली. त्या गर्दीत त्याचे दोन सख्खे भाऊ होते.

मंडळाने आरडाओरडा केला, पोलिस बोलावले, नगरपालिकेत तक्रार केली. नगरपालिकेची माणसं येऊन बघून गेली आणि म्हणाली, पायवाट जुनी आहे, रस्ता सार्वजनिक आहे, भिंतच बेकायदा होती. अध्यक्ष त्यांच्याशी तावातावाने बोलायला गेले, पण हिरडी अजून नीट भरून आलेली नव्हती, आणि काय म्हणाले ते निम्मं कुणालाच कळलं नाही. काका लांबून बघत होते. त्या दिवशी ते फार खूश होते. खूश असण्यासारखी ती एकच गोष्ट त्यांच्याकडे उरली होती.

एक तेवढं झालं, की लोकांना वाट मिळाली. आईचा फेरा वाचला. पण काकांना त्याबद्दल कुणी धन्यवाद दिले नाहीत, आणि त्यांनीही ते मागितले नाहीत. 'सरळ जा' म्हणताना ते जाणाऱ्याकडे बघतही नसत, त्यांची नजर वर गेटाकडे असे.

मंडळ गप्प बसलं नाही. ज्या घरांसमोरून गर्दी जायला लागली, त्यांची किंमत उतरायला लागली. मग वरच्या घरांनी ठरवून गेट उचललं आणि बसस्टॉपकडे वाट फुटते त्या पुढच्या वळणापलीकडे नेलं. तीन बंगले बाहेर पडले. त्या तिन्ही घरचे कर्ते पुरुष एका संध्याकाळी काकांकडे आले. मी तेव्हा वाटेने परतत होते, फाटकाशी थबकले.

"आपण चौघांनी मिळून मंडळावर केस करू," त्यांतला एक म्हणाला. "तुमच्यावर अन्याय झाला होता, हे आम्हाला आता कळतंय."

"हात वर करताना नव्हतं कळलं?"

"तेव्हा... अहो, झालं ते झालं. आता आपण सगळे एकाच बाजूला आहोत."

"नाही," काका म्हणाले. "तुम्ही स्लॅबच्या वर आहात, मी खाली आहे. हद्द म्हणजे हद्द. उद्या तुम्हाला घेतलं, तर परवा अध्यक्षही येईल." आणि त्यांनी फाटक लावून घेतलं.

मावशी परत गेली नाही. काका एकदा तिला न्यायला आले होते. भिंतीतल्या वाटेने भट्टीत उतरले, किती वर्षांनी ते देव जाणे. आमच्या दाराबाहेर उभे राहिले. आई आतून म्हणाली, "या की, बसा." ते आत आले नाहीत.

"चल," ते मावशीला म्हणाले.

"येते," मावशी म्हणाली. "आधी त्या डॉक्टरकडे जा आणि सांगा, मी मुद्दाम केलं, चुकलो. त्या माणसाला नका सांगू हवं तर. डॉक्टरला सांगा."

"मी काही केलेलं नाही."

"मग मीही येत नाही."

आजूबाजूच्या दारांतून माणसं डोकावत होती. काका वळले आणि आले तसे गेले.

अजून ते तिथे एकटेच राहतात. मागच्या खोलीचं दार बंद असतं. मी रोज त्यांच्या फाटकावरून बसला जाते. ते बसलेले असले तर मान हलवतात, मीही हलवते. आमच्यात त्याहून जास्त काही नाही. परवा मात्र त्यांनी मला थांबवलं.

"ती काय करते दिवसभर?"

"शिकवण्या घेते," मी म्हणाले. "गल्लीतल्या बायकांना लिहा-वाचायला शिकवते. बायका ऐकत नाहीत, मग ओरडते."

"ओरडते?" काका म्हणाले. "माझ्यावर कधी ओरडली नाही."

मी घरी येऊन मावशीला हे सांगितलं. ती फळा पुसत होती. ऐकून घेतलं, हात झटकले आणि म्हणाली, "ओरडायला हवं होतं. सरक, उजेड अडवू नकोस."